फुले गेल्यानंतरची वीस वर्षे : सत्यशोधक समाज ओसरला कसा, उभा राहिला कसा?

१/
२८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात जोतीराव फुले यांचे निधन झाले. १७ एप्रिल १९११ रोजी पुण्यातच सत्यशोधक समाजाची परिषद नव्याने भरली. या दोन तारखांमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ आहे. पाठ्यपुस्तकांत तो बहुधा एका वाक्यात आटोपतो : फुल्यांनंतर समाजाचे कार्य मंदावले, पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने त्याला नवसंजीवनी मिळाली. आजचा हा दीर्घ धागा त्या एका वाक्याची उलटतपासणी आहे.

२/
प्रश्न साधा आहे. संस्थापक गेला, त्याच्या पिढीचे सहकारी एकेक करून गेले, प्लेग आणि दुष्काळ यांनी मुलूख पिळून निघाला. मग १९११ मध्ये हाक दिल्यावर माणसे आली कोठून? दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. पुढे १९२०च्या दशकात, सभा भरगच्च होत असताना आणि नेते मंत्रिपदापर्यंत पोचलेले असताना, हाच समाज दुसऱ्यांदा क्षीण का झाला? दोन्ही ओहोट्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर संघटनेचे आयुष्य कशावर बेतलेले असते याचा काही अंदाज येतो.

३/
आरंभ आपल्याला ठाऊक आहे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सुमारे ६० माणसे जमली आणि समाजाची स्थापना झाली. अध्यक्ष व खजिनदार स्वतः जोतीराव, चिटणीस नारायणराव गोविंदराव कडलक. ईश्वर आणि मनुष्य यांच्यामध्ये दलाल नको, जन्मावरून कोणी श्रेष्ठ नाही, शूद्रातिशूद्रांची मुले शिकली पाहिजेत, ही त्याची भूमिका. १८७६ पर्यंत सभासदांची संख्या ३१६ झाली होती. त्यांत शेतकरी, सरकारी नोकर, कंत्राटदार, व्यापारी अशी नाना व्यवसायांची माणसे होती. संस्थेचे काम ती आपला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून करीत.

४/
३१६ हा आकडा लहान वाटेल. पण त्या काळी सभासद होणे म्हणजे वहीत नाव लिहिणे नव्हे. घरचे लग्न पुरोहिताविना लावायचे ठरले, की भावकी रुसे, गाव बोट दाखवी आणि पोरीबाळींच्या सोयरिकी अडत. सभासदत्वाची किंमत माणूस आपल्या अंगणात मोजत असे. अशा संघटनेत माणसे हळूहळू येतात. मात्र जी येतात, ती सहजासहजी परत जात नाहीत.

५/
समाजाच्या पद्धतीचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी झाला. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधाबाई. खर्च जवळजवळ पानसुपारीपुरता. या घटनेकडे आपण बहुधा धार्मिक बंड म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण संघटनेच्या अंगाने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. हे काम कोणत्याही गावातल्या कोणत्याही कुटुंबाला स्वतः करता येण्याजोगे होते. त्यासाठी पुण्याहून वक्ता यावा लागत नव्हता, इमारत लागत नव्हती, निधीही लागत नव्हता.

६/
सेवेचे कामही याच काळातले. १८७७ च्या भीषण दुष्काळात समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम उघडून भुकेल्या मुलांच्या अन्नाची व्यवस्था केली आणि मदतीसाठी जाहीर विनंतीपत्रक काढले. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र सुरू केले. १८८० मध्ये ते मुंबईला गेले आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती आले. गिरणी कामगारांचे गाऱ्हाणे पहिल्यांदा सातत्याने मांडणारे लोखंडे ते हेच.

७/
ही मंडळी एकमुखी होती अशी समजूत मात्र करून घेऊ नये. ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे लोखंड्यांनी ‘दीनबंधू’त छापली. पुढची छापण्याचे धाडस त्यांना झाले नाही आणि जोतीरावांनी त्यावर आपला संताप लपवून ठेवला नाही. भालेकरांनीही पुढे दीनबंधू सार्वजनिक सभा नावाची स्वतंत्र संस्था काढली. गुरूचे आणि सहकाऱ्यांचे असे खटके चरित्रांतून पुष्कळदा गुळगुळीत केले जातात. परंतु त्याच खटक्यांमुळे चळवळीला एकाऐवजी तीन-चार स्वतंत्र केंद्रे मिळाली होती. एक केंद्र विझले तर बाकीची जळत राहू शकत होती.

८/
त्यांपैकी एक केंद्र जुन्नर तालुक्यात होते. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४ मध्ये घरची लग्ने ग्रामजोशाला न बोलावता लावली. हक्क बुडाला म्हणून जोशांनी दावा लावला आणि तो थेट मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. विधी करो वा न करो, ग्रामजोशाचे उत्पन्न कुटुंबाने दिलेच पाहिजे काय, हा त्यातला मूळ प्रश्न. या दाव्यांची मुळे किती खोल होती पाहा : मुंबई प्रांतात असे हक्क रद्द ठरवणारा कायदा येण्यास १९२६ साल उजाडावे लागले. तो विधेयकरूपाने मांडणारे सीताराम केशव बोले.

९/
आता या धाग्यातल्या, माझ्या मते, सर्वांत महत्त्वाच्या पुस्तिकेकडे येऊ. १८८७ मध्ये जोतीरावांनी ‘सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजा-विधि’ प्रसिद्ध केली. ‘गुलामगिरी’ किंवा ‘असूड’ यांच्या तुलनेत तिची चर्चा फार थोडी होते. तीत जळजळीत इतिहासमीमांसा नाही. वधूवरांनी एकमेकांना काय वचन द्यायचे, विधी कोणत्या क्रमाने करायचा, हे त्यात सांगितले आहे. तिच्यातली वधू केवळ मान खाली घालून उभी नसते. ती स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलते आणि वराकडून त्याची ग्वाही घेते.

१०/
संघटनेच्या दृष्टीने या पुस्तिकेचा अर्थ काय? आजवर जे ज्ञान जोतीरावांपाशी आणि त्यांच्या निकटच्या मंडळींपाशी होते, ते आता हातात धरून वाचता येईल अशा रूपात गावोगाव जाऊ शकत होते. ज्याला अक्षरओळख आहे असा शेतकरी उद्या आपल्या पुतणीचे लग्न लावू शकत होता. पुरोहिताची मक्तेदारी मोडणाऱ्या नेत्याने स्वतःचीही मक्तेदारी राहू दिली नाही. पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, जोतीरावांना पक्षाघात झाला. म्हणजे ही तजवीज अगदी वेळेवर झाली.

११/
शेवटची दोन वर्षे कठीण गेली. उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरे केले. ते छापून आले १८९१ मध्ये, लेखक गेल्यानंतर. एके काळी मोठी कंत्राटे घेणाऱ्या या गृहस्थाच्या घरी ओढगस्त होती. मामा परमानंदांनी सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून फुले कुटुंबाला साहाय्य करण्याची विनंती केली होती. समाजापाशी साठवलेला निधी नाही, पगारी कार्यकर्ता नाही, मालकीची वास्तू नाही. कोणत्याही हिशेबनीसाने ही संस्था आता बंद पडणार असेच भाकीत केले असते.

१२/
ती पडली नाही, याचे पहिले श्रेय सावित्रीबाईंना. पतीच्या निधनानंतर त्यांनी काम पुढे नेले आणि १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान भूषवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विधवा स्त्रीने सार्वजनिक परिषदेचे अध्यक्ष व्हावे आणि शेतकरी पुरुषांनी समोर बसून ऐकावे, हे दृश्य नीट डोळ्यांपुढे आणावे. समाजाने जे तत्त्व मांडले होते, त्याची ती प्रत्यक्ष परीक्षा होती.

१३/
मग आले १८९७ साल. मुंबईत आणि पुण्यात प्लेग. ९ फेब्रुवारीला मुंबईत साथीच्या कामात असताना लोखंडे गेले. १० मार्चला, पुण्याच्या परिसरात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना, सावित्रीबाई गेल्या. अवघ्या एका महिन्याच्या अंतराने चळवळीची मुंबई आणि पुणे ही दोन्ही मुख्य माणसे हरपली. दोघेही साथ सोडून पळाले नाहीत म्हणून मेले. सेवा हे ज्या संघटनेचे व्रत असते, तिची सर्वोत्तम माणसे संकटात आधी खर्ची पडतात. ओहोटीची कारणे शोधताना आपण मतभेद, उदासीनता, विरोधकांची कारस्थाने यांचा विचार करतो. हे साधे, निष्ठुर कारण पुष्कळदा नजरेतून सुटते.

१४/
पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ. या वर्षांत समाजाचा मध्यवर्ती कारभार जवळपास दिसेनासा होतो. ‘मंदावले’ हे पाठ्यपुस्तकातले विशेषण येथपर्यंत बरोबर आहे. परंतु कोणत्या जागी मंदावले, हेही विचारले पाहिजे. इतिहासाची साधने सहसा केंद्राची असतात : परिषदांचे वृत्तान्त, अहवाल, वृत्तपत्रांचे अंक. केंद्र थांबले की साधने थांबतात आणि मागून येणाऱ्या अभ्यासकाला सर्व काही थांबल्यासारखे वाटते. एखाद्या खेड्यात पुरोहिताविना लागलेले लग्न कोणत्याही अहवालात उतरत नाही. ते घराच्या रीतीत उतरते.

१५/
या घरांतूनच पुढचे दुवे निघाले. १९०३ मध्ये वासुदेवराव लिंगोजी बिर्जे यांनी ‘दीनबंधू’ पुन्हा चालवायला घेतला. त्यांच्या निधनानंतर संपादनाची धुरा त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे यांनी उचलली. तानूबाई सत्यशोधक घरात वाढलेल्या. भारतातील पहिल्या स्त्री-संपादकांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. पती गेल्यावर काम हाती घेणारी स्त्री या चळवळीत दुसऱ्यांदा दिसते, याला निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. मुलींना शिकवणाऱ्या घरांनी वीस-तीस वर्षांपूर्वी जे पेरले, ते अडचणीच्या वेळी उगवले.

१६/
दुसरा दुवा नगर जिल्ह्यातला. १९१० मध्ये कृष्णराव भालेकर वारले. त्याच वर्षी त्यांचे पुत्र मुकुंदराव, जे पाटील घराण्यात दत्तक गेले होते, त्यांनी ‘दीनमित्र’ हे वृत्तपत्र सुरू केले. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या लहानशा गावातून त्यांनी ते चालवले, आणि जवळजवळ १९६७ मध्ये आपल्या अखेरीपर्यंत चालवले. पुणे-मुंबईच्या बाहेर, खेड्यात छापखाना घालून, खेडुतांच्या भाषेत. पित्याने १८७७ मध्ये जे सुरू केले होते, ते पुत्राने असे पुढे नेले.

१७/
तिसरा दुवा कोल्हापूर. वेदोक्त प्रकरणाने पोळलेले शाहू छत्रपती, १९०१ पासून उभी राहिलेली विद्यार्थी वसतिगृहे, १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा आदेश, या सर्वांमुळे तेथे जमीन तयार होती. जानेवारी १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि भास्करराव जाधव अध्यक्ष झाले. भास्कररावांनी ‘घरचा पुरोहित’ नावाची पुस्तिका लिहिली. १९१३ मध्ये सत्यशोधक पद्धतीचे विधी शिकवणारी शाळाही निघाली. नीट पाहिले तर ही १८८७ च्या पुस्तिकेचीच वाढलेली आवृत्ती आहे. पुनरुज्जीवनाने नवी कल्पना शोधली नाही. जुन्याच कामाला हात, पैसा आणि शिक्षक मिळवून दिले.

१८/
आणि मग १७ एप्रिल १९११, पुणे. अध्यक्ष म्हणून निवड झाली स्वामी रामय्या व्यंकय्या अय्यावरू यांची. मुंबईच्या तेलुगू मंडळींपैकी हे गृहस्थ जोतीरावांचे जुने सहकारी. समाजाला छापखाना मिळावा म्हणून आरंभीच्या काळात त्यांनीच देणगी दिली होती. त्या वेळी तरुण, शिकलेली, राजाश्रय लाभलेली नवी नेतेमंडळी उपलब्ध होती. तरीही अध्यक्षपदी वृद्ध सहकाऱ्याला बसवले गेले. मधल्या वीस वर्षांचा तुटलेला धागा सांधण्याचा याहून स्वच्छ मार्ग कोणता असणार? परिषदेत येणाऱ्या तरुणाला जोतीरावांना पाहिलेला माणूस प्रत्यक्ष पाहता येत होता.

१९/
यानंतरचे दशक भरभराटीचे. परिषदा गावोगाव भरू लागल्या, जलसे निघाले. तमाशाच्या ओळखीच्या घाटात सत्यशोधक विचार सांगणाऱ्या या जलशांनी सभेला कधी न येणारा शेतकरीही खेचून आणला. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले येथे सत्यशोधक परिषदेच्या निमित्ताने भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. त्या दिवशी तिच्यापाशी काय होते? थोडी मुले आणि त्यांना राहायला-शिकायला जागा देण्याचा संकल्प.

२०/
त्याच वर्षी मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आल्या. मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या. निवडणूक लढवायची तर पक्ष हवा. समाजाच्याच कार्यकर्त्यांतून ब्राह्मणेतर पक्ष उभा राहिला. हा निर्णय लोभातून झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. शाळा, शिष्यवृत्त्या, नोकऱ्या यांचे निर्णय कायदेमंडळात होणार असतील, तर तेथे माणसे पाठवणे भागच होते. बोल्यांचे १९२६ चे विधेयक तेथूनच कायदा झाले. भास्करराव जाधव प्रांताचे मंत्री झाले. फळ मिळाले, यात शंका नाही.

२१/
किंमतही मोजावी लागली. कार्यकर्त्याचा वेळ आता मतदारयादीत जाऊ लागला. समाजाच्या सभेत आणि पक्षाच्या सभेत फरक उरेनासा झाला. मताधिकार जमीनदार व करदात्यांपुरता होता. त्यामुळे अतिशूद्रांचा, भूमिहीनांचा प्रश्न मागे पडून गावच्या पाटलाचा शब्द वजनदार झाला. १९२० मध्ये शाहू महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचे पीठ निर्माण केले, तेव्हा ‘दीनमित्र’कार मुकुंदरावांनी त्यास विरोध केला. मध्यस्थ पुरोहित नको म्हणून निघालेल्या समाजाने आपल्या जातीचा जगद्गुरू मान्य करावा काय, हा त्यांचा आक्षेप होता. आश्रयदात्याला असे विचारणे सोपे नव्हते. तरवडीच्या छापखान्यातून ते विचारता आले.

२२/
१९३०च्या सुमारास केशवराव जेध्यांसारखे तरुण नेते काँग्रेसच्या चळवळीत उतरले आणि बहुजन समाजाचा ओघ तिकडे वळला. राष्ट्रीय स्वातंत्र्याच्या दृष्टीने ही मोठी घटना होती. सत्यशोधक समाजापुरते बोलायचे तर ही दुसरी ओहोटी होती. पहिलीपेक्षा तिचे स्वरूप अगदी निराळे. १८९७ मध्ये नेते गेले होते आणि काम घराघरांत उरले होते. १९३० मध्ये नेते हयात होते, यशस्वी होते, परंतु काम आधीच पक्षाच्या स्वाधीन झालेले होते. पक्ष विरघळताच त्याच्यामागे समाजाचा असा वेगळा उद्योग फारसा उरला नाही.

२३/
अपवाद पाहिले की मुद्दा पुरता कळतो. ‘दीनमित्र’ चालू राहिला, कारण दर आठवड्याला अंक काढणे हे काम होते. रयत शिक्षण संस्था वाढत गेली, कारण मुलांना जेवू घालणे, शिकवणे आणि त्यांच्याकडून कष्ट करून घेणे हे काम होते. १९२४ मध्ये साताऱ्यात भाऊरावांनी वसतिगृह चालवले, तेव्हा निरनिराळ्या जातींची मुले एकाच पंगतीत बसत. जातिभेदाविरुद्धचा ठराव त्या पंगतीत रोज नव्याने पास होत असे. पक्ष आले-गेले. पंगत मोडली नाही.

२४/
याचा अर्थ सेवाभावी संघटनेने राजकारणापासून दूर राहावे असा मी काढत नाही. जोतीराव स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद होते. निष्कर्ष एवढाच निघतो, की माणसे कमी होणे हा संघटनेचा शेवट नसतो. त्या कमी झालेल्या माणसांपाशी, कोणाची परवानगी न घेता उद्या सकाळी करता येईल असे काही आहे काय, हे पाहावे लागते. फुल्यांनी ते १८८७ मध्ये लिहून, छापून ठेवले होते. म्हणून सत्ता, पैसा आणि नेता यांपैकी काहीही नसलेली वीस वर्षे समाज काढू शकला.

२५/
आपल्यापैकी अनेक जण दुर्गसंवर्धनाच्या गटांत, गावच्या वाचनालयांत, अभ्यासमंडळांत काम करतात. पहिल्या वर्षी चाळीस जण येतात, तिसऱ्या वर्षी सात. मग कोणीतरी सुचवते, एखादा मोठा पाहुणा बोलावू, गर्दी होईल. पाहुणा जरूर बोलवा. पण उरलेल्या सातांना १८९३ चे सासवड आणि १९१० ची तरवडी यांची गोष्टही सांगा. त्या वर्षांत तेथे बसलेल्या माणसांना १९११ येणार आहे हे ठाऊक नव्हते. पुढचे लग्न लावायचे आहे आणि पुढचा अंक काढायचा आहे, एवढेच त्यांना ठाऊक होते.

पुढचा धागा सत्यशोधक जलशांवर. तोवर, तुमच्या घरात किंवा गावात सत्यशोधक पद्धतीच्या विवाहाची आठवण, जुनी पत्रिका किंवा ‘दीनमित्र’चा एखादा अंक असेल, तर जपून ठेवा. अहवालांत न सापडणारा इतिहास तोच आहे.